डावीकडची जागा

टूनगॅबी,
१४ मे २०२५

सुहासिनी,

हे पत्र लिहायला मला तुझ्या शनिवारच्या मेसेजने भाग पाडलं, मोडलेल्या मनगटाने नाही. "वहिनी, झालं गेलं विसरून जा, दादावर रागावू नकोस," असं तू लिहिलंस आणि खाली गुलाबाचं चित्र लावलंस. विसरण्यासाठी गोष्ट आधी माहीत असावी लागते. तुम्ही तिघांनी ती मला माहीतच होऊ दिली नाही. तेव्हा नेमकं काय विसरायचं ते तूच कळव.

फोन करणार नाही. फोनवर तू रडतेस, मग मी तुझी समजूत काढत बसते आणि मुद्दा राहून जातो. पॅरामॅटाच्या सरकारी ऑफिसात बावीस वर्षं मी फायली सांभाळल्या. जे कागदावर नाही ते झालंच नाही, असं तिथे धरून चालत. म्हणून काय झालं ते लिहून काढते. चुकलं असेल तिथे दुरुस्ती कर.

मार्चमध्ये तुझ्या भावाने, बाळने, एकाएकी गाडी चालवणं सोडलं. म्हणाला, "पेट्रोल जाळण्यापेक्षा पाय हलवावेत." कुणाकडून तरी जुनी सायकल घेतली आणि रोज पार्कमध्ये फिरवायला लागला. मी खूश. गुढीपाडव्याला मंडळात चारचौघांत सांगितलं, की माझा नवरा एकाहत्तराव्या वर्षी ट्रेनने हिंडतो आणि सायकल चालवतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाळ खाली बघत होता. मला वाटलं, लाजला.

मग त्यानेच ही सहल काढली. तुम्ही बेंडिगोहून गाडीने, आम्ही सिडनीहून ट्रेनने, आणि वँगरॅटाला भाड्याच्या चार सायकली. जुनी रेल्वेलाइन उखडून केलेला रस्ता, मोटारी नाहीत, दोन्ही बाजूंना पिवळे-तांबडे झालेले द्राक्षमळे. मला आवडलं, हे मी नाकारत नाही. पण सायकलींचा क्रम कुणी ठरवला होता? नंदूभाऊजी पुढे, बाळ मध्ये, तू त्याच्या डाव्या अंगाला, आणि मी सगळ्यांच्या मागे. "वहिनी, तू आरामात ये. देखावा बघत ये." मी देखावा बघत आले. तू दर थोड्या वेळाने घंटी दोनदा वाजवायचीस. मला वाटलं, सुहासला या वयात पोरकटपणा सुचलाय. बीचवर्थला जुन्या तुरुंगाच्या भिंतीपाशी फोटो काढताना तू मला दंडाला धरून बाळच्या उजवीकडे उभं केलंस, "इकडून उजेड चांगला येतो" म्हणून. वायनरीत जेवताना त्याची प्लेट मधेच अर्धी फिरवून ठेवलीस. मी तेव्हाच म्हटलं होतं, "तो काय कुकुलं बाळ आहे?" तू हसलीस. नंदूभाऊजीही हसले.

गुरुवारी जेवण करून आपण मिलावाकडे निघालो. तू फोटो काढायला मागे थांबलीस आणि चार दिवसांत पहिल्यांदा मी पुढे गेले. कुठे गेले? त्याच्या डावीकडे. चव्वेचाळीस वर्षं मी गाडीत त्याच्या डावीकडे बसले आहे, पुण्यात आणि इथेही. सायकल आपोआप तिकडेच गेली. त्याला पाणी प्यायला थांबायचं होतं. त्याने डावीकडे बघितलं, सुहासिनी. बघितलं आणि तरी सरळ माझ्या अंगावर सायकल घातली. पडताना मला त्याचा चेहरा दिसत होता. तो माझ्यातून आरपार बघत होता.

हॉस्पिटलात नर्सने विचारलं, कसं झालं. तू म्हणालीस, "जेवताना वाइन जरा जास्त झाली असेल." तू चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेली बाई. मी ते खरं मानलं. संध्याकाळभर मी त्याला दारूवरून बोलले, अर्धा ग्लास पिणाऱ्या माणसाला दारुडा म्हटलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. आणि तू माझ्या प्लॅस्टरखाली उशी सरकवत होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटेलच्या बाहेर मी त्याच्या बाजूने चालायला लागले, तर नंदूभाऊजी घाईने म्हणाले, "वहिनी, त्या बाजूने नको, काल बघितलंत ना." आणि मग तुझ्याकडे बघून गप्प झाले. मी विचारलं, "कुठल्या बाजूने नको?" शेवटी बाळच म्हणाला, "मला डावीकडचं दिसत नाही, शैला."

माझ्या नवऱ्याच्या कुठल्या बाजूने चालायचं नाही हे तुला माहीत, तुझ्या नवऱ्याला माहीत, मला नाही. हे कधीपासून आहे, आणि मला का सांगितलं नाही, याची उत्तरं लेखी पाठव. गुलाब नको.

शैला

*

बेंडिगो,
२० मे २०२५

प्रिय वहिनी,

तुझं पत्र नंदूने आधी वाचलं आणि दिवसभर बागेतून घरात आला नाही. सकाळी बोलून गेल्याबद्दल त्याला वाईट वाटतंय, की चार दिवस गप्प राहिल्याबद्दल, ते त्यालाही सांगता येत नाही.

विचारलंस ते लिहिते. दादाला एक अगदी छोटा स्ट्रोक येऊन गेला. हातपाय, बोलणं, सगळं शाबूत राहिलं. डोळेही चांगले आहेत. मेंदूचा जो भाग डावीकडचं बघतो तेवढाच गेला. त्याने नाकासमोर बघितलं की डावा अर्धा भाग त्याच्यासाठी नसतोच. काळोखही दिसत नाही, काहीच नसतं. मान पुरती वळवली तर दिसतं, पण ते लक्षात ठेवून करावं लागतं. मार्चमध्ये हे कळलं आणि त्याच आठवड्यात त्याने लायसन्स परत केलं.

तुला न सांगण्याची त्याने मला आईची शपथ घातली. तू म्हणशील, शिकलेल्या बायका शपथा कसल्या पाळता. पण आपल्या घरात हे असंच चालत आलंय ना? बाबांचा कॅन्सर आईला शेवटपर्यंत सांगितला नाही. तेव्हा तूही गप्प होतीस, वहिनी. आम्ही तुला फार मानलं त्यासाठी.

त्याला भीती डोळ्यांची नव्हती. म्हणाला, "शैलाचं सगळं येणं-जाणं माझ्या गाडीवर आहे. शनिवारची मराठी शाळा, तिच्या मैत्रिणी, मिहिरचं घर. मी बसलो की ती पण घरात बसेल आणि मग दिवसभर माझ्यावर पहारा करेल." सहलीचं म्हणशील तर तो म्हणाला, एकदाच, तिला कळायच्या आधी, तिच्याबरोबर मोकळं फिरून घेऊ दे. मोटारी नसलेला रस्ता मी शोधला. सतत शेजारी राहिले, मी डावीकडे आहे हे त्याला कळावं म्हणून घंटी दोनदा वाजवत राहिले. तीन मिनिटं फोटोला थांबले.

वाइनचं बोलले ते डॉक्टर म्हणून चुकलंच. पण बहीण म्हणून चुकले असं मला वाटत नाही.

हात उशीवर उंच ठेव. बोटं हलवत राहा.

तुझी,
सुहास

*

टूनगॅबी,
२७ मे २०२५

सुहासिनी,

"मार्चमध्ये कळलं" हे खोटं आहे. कसं कळलं ते सांगते.

मी ताट वाढते तेव्हा डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी. तुमच्या आईनेच मला पाटावर बसवून शिकवलं. जानेवारीच्या मध्यापासून बाळच्या ताटात डावी बाजू तशीच राहायला लागली. खोबऱ्याची चटणी राहिली, कोबीची कोशिंबीर राहिली, लिंबाची फोड वाळून गेली. मी विचारलं तर म्हणाला, "मीठ कमी करतोय." मी त्याचंही कौतुक केलं. लाँग वीकएंडला मिहिर आणि रुचा जेवायला होते तेव्हा पंचामृताला त्याने हात लावला नाही. रुचा म्हणाली, "बाबांना आवडलं नाही वाटतं." माझा अपमान झाला. दोन दिवस त्याच्याशी तुटक वागले. तो लाँग वीकएंड जानेवारीतला होता, सुहासिनी.

तुझं पत्र वाचून मी ताटाचा हिशोब मांडला आणि मग कागद शोधले. सायकलच्या पंपाच्या पिशवीत रिपोर्टची झेरॉक्स सापडली. तारीख २० जानेवारी. खाली छापलंय, प्रत कुणाला पाठवली. तुझं पूर्ण नाव आहे, डिग्रीसकट. आणि स्पष्ट लिहिलंय की या माणसाने गाडी चालवू नये.

शाळा फेब्रुवारीत सुरू झाल्या. दर मंगळवारी आणि गुरुवारी बाळ केलीव्हिलला जाऊन नातीला, ओवीला, शाळेत सोडत होता, कारण मिहिर आणि रुचा दोघंही लवकर निघतात. लायसन्स परत केलं १८ मार्चला. सहा आठवडे. आठ वर्षांची पोर मागच्या सीटवर, आणि गाडी चालवणाऱ्याला अर्धा रस्ता दिसत नाही. डावीकडे फुटपाथ असतो. फुटपाथवर शाळेची इतर मुलं असतात.

मार्चमध्ये गाडीचा डावा आरसा तुटला होता. मला सांगितलं, पार्किंगमध्ये कुणीतरी धक्का दिला. परवा ओवी आली होती. मी तिला दुधाचा कप दिला आणि विचारलं, "आजोबांच्या गाडीचा आरसा कसा गं तुटला?"

ती बिस्किट बुडवत म्हणाली, "वी हिट अ पार्क्ड यूट. आजोबा सेड इट्स अवर सीक्रेट, आजी."

मग जीभ चावून म्हणाली, "यू वोन्ट टेल हिम आय टोल्ड, राइट?"

या घरात आठ वर्षांच्या मुलीकडेसुद्धा एक गुपित होतं. माझ्याकडेच नव्हतं.

तू तुमच्या वडिलांचं काढलंस. बरोबर आहे, मी गप्प होते. मी एकतीस वर्षांची सून होते आणि मला तोंड बंद ठेवायला सांगण्यात आलं होतं. वडिलांच्या शेवटच्या दिवशी आई मला म्हणाल्या, "तुला पण माहीत होतं?" ते मी तुम्हा भावंडांना कधी सांगितलं नाही. आता सांगते. माझ्याकडे बघून विचारलं होतं, तुमच्याकडे नाही.

आणि मी गाडीवाचून घरात बसेन म्हणे. माझं लायसन्स मी दर वेळी रिन्यू करते. मिहिर शाळेत असताना मी एकटी चारशे किलोमीटरवरच्या डबोपर्यंत गाडी नेली आहे. निवृत्तीनंतर दोन गाड्यांची एक झाली आणि बाळला चालवायला आवडतं म्हणून मी शेजारी बसले. ते मी त्याच्यासाठी सोडलं होतं. मला येत नव्हतं म्हणून नाही.

मिहिरला हे बाळने स्वतः सांगायचं. मी आठ दिवस दिले आहेत. तोपर्यंत मला त्याच्याशी बोलण्यासारखं काही नाही.

शैला

*

टूनगॅबी,
६ जून २०२५

सुहास,

हे तुला गुपचूप लिहीत नाही. शैला समोर बसून पेपर वाचते आहे आणि मी कुणाला लिहितोय ते तिला माहीत आहे. आता या घरात गुपचूप काही नाही.

ती बोलत नाही. "गोळी घेतलीस?" एवढंच, दिवसातून दोनदा. मी "हो" म्हणतो. आज अकरावा दिवस.

मिहिरला सांगितलं. रविवारी त्याच्या घरी गेलो, ट्रेन आणि बसने. शैला बरोबर आली पण बाहेर बागेत बसली. मला वाटलं होतं तो ओरडेल. तो उठला. बाहेर गेला, बस धरून परत टूनगॅबीला आमच्याबरोबर आला, आमच्या गाडीतून ओवीची बूस्टर सीट काढली, काखेत मारली आणि निघून गेला. सत्तर वर्षांत माझी एवढी कुणी लायकी काढली नव्हती. आणि तो बरोबर होता.

मी ते का केलं, मला आता सांगता येत नाही. रोज ठरवायचो की आजचा दिवस शेवटचा. मान वळवून वळवून चालवायचो, मानेला रग लागायची. ओवी मागून गाणी म्हणायची. वाटायचं, हे पण गेलं तर राहिलं काय. मग ती कडेला उभी असलेली यूट गाडी आली. तिच्या जागी मूल असतं तर, हे मी रोज स्वतःला विचारतो. तू नको विचारूस.

शैलाने या सगळ्यात मला एकच प्रश्न विचारला. "गाडीत मी शेजारी बसायचे, तेव्हा तुला दिसायचे का?" मी खरं सांगितलं. नाही. आवाज यायचा, बांगड्यांचा आवाज यायचा, पण शेजारी कुणी नसायचं. ती उठून कपडे वाळत घालायला गेली, एका हाताने. मी मदत करायला गेलो तर म्हणाली, "चिमटे उजवीकडे ठेवलेत."

आणि काल तिने ताट वाढलं. चटणी, कोशिंबीर, भाजी, भात सगळं उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने. डावा अर्धा कोरा. आईने बघितलं असतं तर तिला पुन्हा पाटावर बसवलं असतं. मी सगळं संपवलं.

तू एकदा ये. आणि जे काय आहे ते खरं लिही तिला. मी तुला शपथेतून मोकळं केलंय.

दादा

*

बेंडिगो,
१२ जून २०२५

वहिनी,

जानेवारीतच कळलं होतं. रिपोर्ट माझ्याकडे आला त्या दिवशी मी दादाला फोन करून गाडी बंद कर म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "शैलाला काय कारण सांगायचं ते सुचू दे, मग करतो." दर आठवड्याला मी विचारायची, सुचलं का. तो म्हणायचा, सुचतंय. आठ आठवडे आम्ही दोघं म्हातारी माणसं एक कारण शोधत होतो, आणि तेवढ्यात तो गाडी चालवत होता.

ओवीला तो शाळेत सोडतो हे मला माहीत नव्हतं, असं आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला. माहीत नव्हतं कारण मी विचारलं नाही. विचारलं नाही कारण उत्तर ऐकायचं नव्हतं. माझ्या एखाद्या पेशंटच्या बहिणीने असं केलं असतं तर मी तिला खोलीत उभं केलं नसतं.

बहीण म्हणून चुकले नाही, हे वाक्य परत घेते.

आईने तुला विचारलं होतं ते वाचून मी दोन दिवस काही करू शकले नाही. आम्ही तुला तिच्याजवळ एकटी ठेवून बाहेर जाऊन रडायचो. तू तिथे बसलेली असायचीस.

जुलैत शाळांना सुटी असेल तेव्हा येऊ का? रिपोर्टची मूळ प्रत आणि स्कॅन दादाने माझ्याकडे ठेवायला दिले होते, तुझ्या हाती लागू नयेत म्हणून. ते तुझ्याच हातात द्यायचेत. नको म्हणालीस तर पोस्टाने पाठवीन.

सुहास

*

टूनगॅबी,
१४ जुलै २०२५

सुहास,

येऊन गेलीस ते बरं झालं. दारात रडली नाहीस तेही बरं झालं. राग गेलेला नाही. कमी झाला तर कळवीन, तू विचारू नकोस.

तू होतीस तेव्हा मिहिर समोर होता म्हणून काही गोष्टी बोलले नाही. त्या लिहिते.

प्लॅस्टर निघालं त्याच आठवड्यात मी यतिन नावाच्या ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या गृहस्थांना बोलावलं. साठीचे आहेत, नाशिकचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "मॅडम, तुम्ही गाडीला बोलता फार." मी म्हटलं, घरात बोलायला कुणी नव्हतं. तीन धडे झाल्यावर म्हणाले, आता मला पैसे द्यायची गरज नाही. मग मी मिहिरला फोन केला आणि सांगितलं, रविवारी मागच्या सीटवर बस आणि मी तुला केलीव्हिलपासून पॅरामॅटापर्यंत नेऊन आणते. तो बसला. परत आल्यावर उतरला, घरात गेला आणि ओवीची सीट घेऊन बाहेर आला. एवढंच म्हणाला, "मंगळवार-गुरुवार, आई. फक्त तू." मी म्हटलं, ते तू सांगायची गरज नाही.

त्याच्या बापाशी तो अजून नीट बोलत नाही. मी मध्ये पडणार नाही. बाळने ते स्वतः मिळवायचं आहे. ओवीला मात्र बाळने माझ्यासमोर बसवून सांगितलं, की तुला गुपित ठेवायला सांगितलं ते आजोबांचं चुकलं, आणि असं कुणीही मोठ्या माणसाने सांगितलं तर आधी आजीला सांगायचं. ती म्हणाली, "ओके. बट आय ऑलरेडी डिड."

गेल्या बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी त्याला घेऊन गेले. गाडी माझ्या हातात होती. तो सवयीने उजव्या दाराशी जाऊन उभा राहिला. मी किल्ली दाखवली, तो वळसा घालून पलीकडे गेला. पट्टा लावायला वेळ लागला, पट्टा डावीकडून येतो म्हणून. मी लावून दिला नाही, थांबले. सिग्नलला थांबलो तेव्हा बघते तर तो माझ्याकडे बघत होता.

"काय?" मी म्हटलं.

"दिसतेस."

"रस्त्याकडे बघ. डावीकडे मान वळव, सायकलवाले येतात."

त्याने वळवली. आता दर वेळी मी सांगते आणि तो वळवतो. डॉक्टर म्हणाले, असंच करायला लावा.

पुढच्या वर्षी बीचवर्थला पुन्हा जायचं असं नंदूभाऊजी म्हणाले. बघू. जायचं झालं तर दोन सीटांची सायकल भाड्याने मिळते, मी चौकशी केली आहे. पुढे मी बसेन.

आता शनिवारची नोंद, त्याआधी हातोहात दिलेलं धरून. ऑफिसात असताना मी सहीशिवाय पेन्सिलसुद्धा हातची सोडली नाही. दोन प्रती केल्या आहेत. एकीवर सही करून परत पाठव.

शैला

देण्याघेण्याची नोंद
टूनगॅबी, शनिवार, १२ जुलै २०२५

सुहासिनीने शैलाला दिलं: २० जानेवारीच्या रिपोर्टची मूळ प्रत, चार पानं. मेंदूच्या स्कॅनची सीडी, एक. सहलीला तिने स्वतः नेलेली सायकलची घंटी, एक, वाजते.

शैलाने सुहासिनीला दिलं: बाळची सायकल, पंप आणि पिशवीसह, नंदूभाऊजींसाठी. बाळच्या संमतीने. त्याने स्वतः गाडीत चढवली.

मिहिरने शैलाला दिलं: ओवीची बूस्टर सीट. मागे उजवीकडे बसवली. पट्टा त्याने दोनदा ओढून पाहिला.

बाळने शैलाला दिलं: गाडीच्या किल्ल्यांचे दोन्ही जोड.

शैलाने बाळला दिलं: गाडीतली डावीकडची जागा. चव्वेचाळीस वर्षं वापरलेली, चांगल्या स्थितीत.